सीटखालची वाळू

इकडं ये. अशी एक पाय आत, एक पाय बाहेर ठेवून बोलू नकोस. तो स्टूल ओढ आणि जवळ बस. डोक्यावरचं ते हेल्मेट काढ आधी, तोंड तरी दिसू दे तुझं. सायकल मोबाईलवर बघून पसंत केलीस, टायर कुणाच्या तरी व्हिडिओत बघून बदललेस, आणि आता मला विचारतेस की आजी, तुमच्याकडं ती निमगाव केतकीची मेकॅनिक बाई होती ना, ती म्हणे लोकांच्या सायकलीत वाळू घालायची. ऐकलं की लगेच खरं धरायचं, ही कुठली रीत गं? ज्यानं सांगितलं त्याला विचारलंस का, की बाबा, तुला कुणी सांगितलं? विचारत विचारत मागं गेली असतीस तर ह्याच दुकानात येऊन पोचली असतीस. ह्याच स्टुलापाशी. वाळूची गोष्ट पहिल्यांदा बोलले ती मी. म्हणून आता ती नीट ऐक, अर्धी ऐकून उठू नकोस.

आमचं पहिलं दुकान इंदापुरात, एसटी स्टँडच्या मागं. काळ्या सायकली, मागं कॅरेज, दुधाच्या किटल्या अडकवायला दोन्ही बाजूंना हूक. मालक पुण्याला माल आणायला गेले की दुकानात मी एकटी. मला कुणी काही शिकवलं नाही. चाक वाकडं फिरत असलं की आमच्यात त्याला आउट म्हणतात; तो आउट काढायला मी एका मोडक्या चाकावर शिकले. त्याच्या तारा सोडायच्या, पुन्हा आवळायच्या, असं दोन महिने चाललं होतं. पहिल्या पहिल्यांदा गिऱ्हाईक यायचं, मला बघायचं आणि म्हणायचं, मालक येऊ देत, मग ठेवतो सायकल. बाईच्या हातात पाना बघितला की त्यांना वाटायचं ही आता मोडणार. हे मी भोगलेलं आहे. भोगून पुढं काय केलं, तेच सांगते आहे.

त्या धंद्यात दोन गोष्टी मी पक्क्या शिकले. एक, जिथं लोखंडात लोखंड जातं तिथं ग्रीस पाहिजे. सीटची नळी असो, हँडल असो, ग्रीस नसेल तर ती गंजून अशी बसते की हातोड्यानंही निघत नाही. आणि ग्रीसमध्ये कचरा गेला, मातीचा एक कण गेला, तर सगळं काम वाया. दुसरी गोष्ट म्हणजे कुणाच्या हातावर विश्वास ठेवायचा नाही. चाकाच्या मधला चांगला हब काढून जुना बसवणारे, नवीन चेनच्या जागी धुतलेली चेन घालणारे कारागीर मी डोळ्यांनी बघितले. म्हणून दुसऱ्यानं केलेलं काम रोज संध्याकाळी आपल्या हातानं तपासायचं, हा माझा नेम. मालक गेले, दुकान बारामतीला आलं, पोरगा मोठा झाला, पण नेम काही सुटला नाही.

पोराचा हात विकण्यात. गोड बोलतो, पाना मात्र त्याला धरता येत नाही. त्यानं ह्या तुमच्या बारीक टायरच्या, खाली वाकलेल्या हँडलच्या सायकली आणल्या तेव्हा मला पहिल्या दिवसापासून शंका. दोन बोटांवर उचलली जाते ती वस्तू माणसाला काय उचलणार? कार्बन म्हणे. मी नखानं टकटक करून बघितलं, तर प्लास्टिकच्या डब्यासारखा आवाज. ह्या रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या, त्यांतून सांडलेलं वाढं, बाभळीचे काटे, स्पीडब्रेकर असे की म्हशीलाही चढताना विचार पडावा. त्यावर ही काचेची बाहुली घेऊन जायचं? पण डॉक्टर आले, कॉलेजातले सर आले, पळसदेवचे डाळिंबवाले बागायतदार सुद्धा आले. पहाटे उठून धरणाच्या पाण्यापर्यंत जाऊन येतात आणि वर पायात खिळ्याचे बूट. आली गिऱ्हाइकं म्हटल्यावर काम येणारं माणूस पाहिजे, म्हणून पोरानं ती बाई आणली.

पस्तिशीची असेल. निमगाव केतकीची, पुण्यात मोठ्या दुकानात सहा-सात वर्षं काम करून, सासूचं दुखणं निघालं म्हणून गावाकडं परत आलेली. रोज एसटीनं यायची. बोलणं कमी. हातात निळे रबरी मोजे घालून काम करायची, तेच मला पहिल्यांदा खटकलं. हाताला तेल लागू न देता सायकलचं काम करणारं माणूस काय लपवत असेल, असं मनात आलं. तिच्याकडं एक पाना होता, आवळता आवळता टक् असा आवाज करायचा, की ही थांबायची. मी विचारलं, अजून अर्धा फेर बसतोय की गं. ती म्हणाली, "नगं मावशी, कार्बन तडकतं." मला वाटलं, ढिलं ठेवते आहे. ढिलं ठेवलं की गिऱ्हाईक परत येतं.

माझी नात, पोराची पोरगी, कॉलेजात शिकते. तिला ह्या सायकलीचं वेड. तिच्यासाठी कार्बनची सायकल आली. फ्रेम कार्बनची आणि सीट ज्याच्यावर बसते ती नळीसुद्धा कार्बनची. त्या बाईनं ती जोडली. टायर कुठलं घालायचं ह्यावर दोघींचा अर्धा दिवस वाद. नातीला बारीक पाहिजे होतं, पळायला हलकं. ती बाई म्हणाली, हा रस्ता पुण्याचा न्हाय, अठ्ठावीसचं जाड घाल, हवा थोडी कमी ठेव, पाठ वाचंल. ते मला पटलं होतं, पण मी तसं बोलून दाखवलं नाही. तेव्हाच मी एक गोष्ट बघितली. सीटची नळी बसवताना ती माझ्याकडं पाठ करून उभी राहिली, स्वतःच्या पिशवीतून एक छोटी ट्यूब काढली, काहीतरी लावलं आणि ट्यूब परत पिशवीत. दुकानातल्या फळीवर ग्रीसचा डबा उघडा असताना पिशवीतलं कशाला?

संध्याकाळी ती एसटीला गेली आणि पोरगा शटरच्या बाहेर कुणाशी तरी बोलत उभा राहिला. मी बोल्ट सोडला, नळी वर काढली आणि बोट फिरवलं.

खरखर. बारीक रेतीसारखी खरखर.

तुला सांगते, सीटच्या नळीत कण, म्हणजे आमच्या धंद्यात अन्नात खडे. चुकून गेले म्हणावं तर सगळीकडं सारखे लागलेले. मी फडकं रॉकेलमध्ये बुडवलं, नळी आतून-बाहेरून लख्ख पुसली. फडकं वाळल्यावर त्यातली रेती एका कागदात झटकली, पुडी बांधली आणि सुईदोऱ्याच्या डब्यात ठेवली. पुरावा म्हणून. मग आपलं पिवळं ग्रीस चांगलं बोटभर लावलं, तिनं उंचीसाठी गुंडाळलेल्या काळ्या चिकटपट्टीपर्यंत नळी खाली बसवली आणि बोल्ट आवळला. कुणाला बोलले नाही. चोराला सावध करायचं नसतं, असं मला वाटलं.

रविवारी नात निमगावपर्यंत जाऊन आली ती तोंड पाडूनच. सीट दोन बोटं खाली गेली होती. गुडघा दुखत होता.

सोमवारी त्या बाईनं नळी काढली, फिरवून बघितली. मग पोराला विचारलं, "दादा, ह्येला कुणी ग्रीस लावलं का?" पोरगा हसून म्हणाला, इथं तुझ्याशिवाय कोण हात लावतंय? मी चार हातांवर, ह्याच जागी, पंक्चरचे पॅच कापत बसले होते. तशीच कापत राहिले. माझ्या मनात आलं, स्वतःची वाळू झाकायला ही ग्रीसचं नाव घेते. तिनं माझ्याकडं बघितलं नाही. नळी पुसली आणि पुन्हा पाठ करून तेच केलं.

शनिवारी मी पुन्हा काढून बघितली. पुन्हा वाळू. पुन्हा रॉकेल, पुन्हा ग्रीस, पुडीत अजून चिमूटभर. रविवारी सीट पुन्हा खाली. असं एकदा नाही, तीनदा झालं. सीट घसरली की माझा संशय पक्का व्हायचा आणि संशय पक्का झाला की मी अजून जपून पुसायची. ती बाई पोराला म्हणाली की दादा, ही सायकल घरी नेऊन ठेवा. ते ऐकून मला अजून वाटलं, बघा, आता डोळ्यांपुढून हलवायला बघते आहे. तिचा डबा उघडा राहिला तर मी वास घेऊन बघायची, मापं घ्यायचा कॅलिपर दिसला तर उचलून बघायची. एकदा तिच्या पिशवीत हात घातला, तेवढ्यात कुणी गिऱ्हाईक आलं म्हणून काढला. हेही सांगून टाकते, आता लपवायचं काय.

मग शर्यत आली. बारामतीहून इंदापूर आणि परत, एवढीच. पण नात सगळी थंडी त्यासाठी घाम गाळत होती. पहिल्या तिघींत आली असती तर पुण्याच्या संघात घेणार होते. शुक्रवारी बाईनं सायकल नीट लावली. शनिवारी संध्याकाळी मी माझं काम केलं आणि ह्या खेपेला वर एक युक्ती केली. नातीचं लाल नेलपॉलिश घेतलं आणि बोल्टच्या डोक्यावरून फ्रेमवर अशी एक बारीक रेघ ओढली. बोल्ट कुणी फिरवला की रेघ तुटणार.

सकाळी सुरुवातीच्या ठिकाणी ती बाई हजर, सुट्टीचा दिवस असून. नातीच्या सायकलीपाशी वाकली, पाना लावला, टक् झालं, पोरीच्या पाठीवर हात ठेवून बाजूला झाली. मी जवळ जाऊन बघितलं. रेघ तुटली होती. मला जे पाहिजे होतं ते मिळालं.

नात दुपारी टेम्पोत बसून आली. जाताना निमगाव केतकीच्या पुढंच सीट खाली जायला लागली. इंदापूरला वळली तेव्हा गुडघे छातीला लागत होते, तरी ओढत राहिली. परत येताना लासुर्ण्याजवळ उतरली ती उतरलीच. टेम्पोतून खाली येताना तिचा गुडघा लिंबाएवढा सुजला होता आणि ती रडत नव्हती, हे मला जास्त लागलं.

दुकानात गिऱ्हाइकं होती. डॉक्टर होते, सर होते, अजून चार-पाच सायकलवाले नातीची चौकशी करायला आलेले. ती बाई सायकल उलटी करून बघत होती. मी सुईदोऱ्याचा डबा आणला, पुडी उघडली आणि सगळ्यांच्या मधे उभी राहिले. म्हणाले, ही बघा वाळू. ही बाई पाठ करून सीटच्या नळीत वाळू घालते. चार खेपा मी काढली, आज सकाळी हिनं परत बोल्ट खोलला, ही बघा तुटलेली रेघ. आणि बोटाला वाळू लावून ते बोट तिच्या तोंडापुढं धरलं.

ती म्हणाली, "मावशी, ती वाळू न्हाय."

"मला शिकवू नगंस," मी म्हणाले. "तू पाळण्यात व्हतीस तवा मी आउट काढत व्हते."

पोरगा म्हणाला, आई, थांब जरा. मी थांबले नाही. काय काय बोलले ते सगळं सांगत नाही. एवढंच सांगते की जे गिऱ्हाईक मला म्हणायचं मालक येऊ देत, त्यानंसुद्धा मला इतकं वाईट कधी बोललं नव्हतं. ती माझ्या बोटाकडं बघत होती. मग तोंडाकडं बघितलं, बराच वेळ. मला वाटलं, आता हात जोडेल नाहीतर उलट बोलेल. तिनं निळे मोजे काढले, एप्रन काढून त्याची नीट घडी घातली, गल्ल्यावर ठेवली आणि पिशवी घेऊन एसटीला गेली. परत आली नाही.

मला त्या रात्री छान झोप लागली. खोटं कशाला बोलू.

पण सीट काही थांबली नाही. नातीच्या गुडघ्याची सूज उतरली, ती पुन्हा सायकलवर बसली, आता वाळू घालणारं कुणी नव्हतं, ग्रीस तर मी स्वतः दुप्पट लावलेलं. तरी सीट खालीच. मग मी पोरावर संशय घेतला. दोन दिवस त्याच्या मागं मागं फिरले. शेजारच्या बॅटरीवाल्याकडंही चोरून बघून झालं.

शेवटी नातीनं कंपनीकडून नवीन नळी मागवली. खोक्यात नळीबरोबर शाम्पूच्या पुडीएवढी एक पुडी होती. नात ती कात्रीनं कापून नळीला लावायला लागली. मी म्हणाले, बघू काय आहे. तिनं माझ्या बोटावर थेंबभर दिलं. अंगठ्यानं चोळलं.

खरखर. तीच.

मी उठून डबा आणला, जुनी पुडी उघडली आणि एका बोटावर हे, एका बोटावर ते घेतलं. डोळे मिटून चोळून बघितलं. इतकी वर्षं ह्याच बोटांवर पोट भरलं, ती खोटं सांगत नव्हती. नातीला म्हणाले, त्यावर काय लिहिलंय ते वाच. ती वाचत वाचत सांगायला लागली, "आज्जी, कार्बनला पकड यावी म्हणून ह्यात मुद्दाम दाणे घातलेत. आणि खाली लिहिलंय, ग्रीस अजिबात लावू नका. घसरतं."

मग ती वाचायची थांबली. माझ्याकडं बघायला लागली, आणि मी ग्रीसच्या डब्याकडं.

नातीला त्याच दिवशी सगळं सांगितलं. ती माझ्याशी आठवडाभर बोलली नाही आणि मी तिला बोल म्हणाले नाही. पोरानं त्या बाईला फोन लावला, तिनं उचलला नाही. कळलं ते असं की बारामतीत दोन दुकानांत ती काम मागायला गेली होती आणि दोन्हीकडं वाळूची गोष्ट तिच्या आधी पोचली होती. सायकलवाल्यांचे मोबाईलवरचे ग्रुप असतात ना तुमचे, पंधरा मिनिटांत इंदापूर गाठतात. मग तिनं इंदापुरातच, हायवेच्या कडेला, पत्र्याचं छोटं शेड घेतलं.

मी एसटीनं गेले, एकटी. ती पोत्यावर बसून एका साध्या सायकलीच्या चाकाचा आउट काढत होती. पंक्चर, दुधाच्या सायकली, शाळेच्या पोरींच्या सायकली, एवढंच काम. बारीक टायरची एकही सायकल नव्हती तिथं. पुण्यात सात वर्षं शिकलेलं सगळं त्या पिशवीत बंद करून खुंटीला टांगलेलं. मी बसले आणि म्हणाले, ग्रीस मी लावत होते.

तिनं चाक फिरवलं, एक तार आवळली. "ठाव हाय मला."

मी विचारलं, कधीपास्नं?

"तुमी बोट दाखवलंत तवापास्नं. नळी भाईर काढल्याबिगर ती पेस्ट बोटाला लागत न्हाय, मावशी."

सगळ्यांच्या देखत मी माझाच पुरावा हातात धरून उभी होते आणि त्या सगळ्यांत तो एकट्या तिनं वाचला होता. विचारलं, मग बोलली का नाहीस गं तेव्हा?

"तुमी बोलाल म्हणून थांबले व्हते," ती म्हणाली. "मग एसटीची येळ झाली."

तिनं चहा मागवला. मी प्याले. परत ये म्हणाले; तर म्हणाली, काम इथंच बरं हाय, पर येईन कवातरी. सगळ्यांना माहीत आहे, येईन कधीतरी म्हणजे काय ते.

तेव्हापासून हे चाललंय. तुझ्यासारखं कुणी दारात आलं की त्याला बसवते आणि सांगते. डॉक्टरांना सांगितलं. सरांना सांगितलं, ते म्हणाले जाऊ द्या आजी, जुनं झालं. जुनं तुमच्यासाठी. ग्रुपवरही टाकायला सांगितलं नातीला, माझ्या नावानं, माझ्या तोंडानं बोललेलं. तिथं चार जणांनी अंगठे दाखवले, आणि त्यानंतरही तू विचारतेसच आहेस. वाळू पंधरा मिनिटांत गेली होती. ग्रीस अजून लासुर्ण्यापर्यंतसुद्धा पोचलेलं दिसत नाही.

दाखव बघू तुझी सायकल. कार्बनची नळी आहे ना? खालचा बोल्ट बघ, कुणी डोकं घासून ठेवलंय. हे असं कुणी आवळलं? मी नाही हात लावणार. आता मी फक्त हवा भरते आणि काळ्या सायकली बघते. तू रविवारी इंदापूरला जातेसच ना, तर हायवेला ते पत्र्याचं शेड आहे, उसाच्या रसाच्या गाड्याच्या पुढं. तिथं दाखव. ती पाठ करून ट्यूब काढेल, काढू दे. टक् म्हणेपर्यंत आवळेल, अजून अर्धा फेर मार असं तू म्हणू नकोस. बरोबरच्या पाच जणांना घेऊन जा, त्यांच्या त्या महागाच्या सायकली घेऊन. शेडसमोर ओळीनं उभ्या राहू देत, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसू देत.

आणि काम झालं की तिला माझा एवढा निरोप दे. एप्रन अजून घडी घातलेलाच आहे, मी कुणाला घालू दिला नाही. कामाला ये असं म्हणत नाही म्हणावं. ती ट्यूब कशी लावायची, किती लावायची, ते मला शिकायचं आहे, आणि ते तिच्याकडूनच. ह्या खेपेला तोंड माझ्याकडं करून लाव म्हणावं. सकाळच्या एसटीनं आली तर जेवून दुपारच्या गाडीनं परत जाता येतं. माझे गुडघे आता पायरी उतरू देत नाहीत, नाहीतर मीच पुन्हा गेले असते. ये म्हणावं, बाई. लवकर ये.